नियमाप्रमाणे लाटसाहेब

1870 साल. लॉर्ड्सच्या मैदानावर ईटन आणि हॅरो या दोन शाळांचा सामना चालला आहे. शाळांचा म्हणून हसू नका. बग्ग्यांची रांग, उंच टोप्या, झालरीच्या छत्र्या, अर्धी सरदारशाही तिथे लोटलेली असायची, आणि पोरांपेक्षा बापांनाच जास्त चेव चढायचा. ईटनचा कप्तान एकोणीस वर्षांचा. तो चेंडू टाकायला आला आणि त्याच्या लक्षात आलं, की आपल्या टोकाचा फलंदाज घाईघाईनं क्रीज सोडून पुढे सरकला आहे. त्यानं चेंडू टाकलाच नाही. यष्टी उडवली आणि पंचांकडे बघितलं. धावबाद!

हॅरोवाल्यांना हे भलतंच झोंबलं. आधी एकदा ताकीद द्यायची रीत होती म्हणे. पुढे 1947 साली आपल्या विनू मंकडनं सिडनीत हेच केलं तेव्हा त्या कृत्याला त्याचं नाव चिकटलं आणि बिचाऱ्याचं आडनाव क्रियापद होऊन बसलं. ईटनच्या पोराचं नाव मात्र कुणी चिकटवलं नाही. कारण उघड आहे, तो दोन वर्षांत लॉर्ड होणार होता.

हे जॉर्ज रॉबर्ट कॅनिंग हॅरिस, चौथे लॉर्ड हॅरिस. इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे कप्तान, भारतमंत्र्यांचे दुय्यम, युद्धमंत्र्यांचे दुय्यम, आणि 1890 ते 1895 या काळात आपल्या मुंबई इलाख्याचे गव्हर्नर. इतकी पदं भूषवली, पण माणूस जन्मभर एकाच पदावर राहिला. सामना कुठलाही असो, साहेब पंच. नियमाचं पुस्तक खिशात, घड्याळ हातात आणि समोरचा नेहमी क्रीजच्या बाहेर.

घराण्याची गोष्ट आपल्याला दुरून ओळखीची आहे. 1799 साली टिपूचं श्रीरंगपट्टण पाडणाऱ्या फौजेचा सेनापती जनरल हॅरिस, तो यांचा पणजोबा. त्याबद्दल त्याला 1815 मध्ये सरदारकी मिळाली, ती पूर्वेकडचं श्रीरंगपट्टण आणि म्हैसूर आणि केंट परगण्यातलं बेलमाँट अशा लांबलचक नावानं. म्हैसूर कुठे आणि बेलमाँट कुठे! पण किताब देणाऱ्यांचा भूगोल असाच असतो. वडील त्रिनिदादचे गव्हर्नर, मग मद्रासचे. म्हणून आमच्या नायकाचा जन्म 3 फेब्रुवारी 1851 रोजी त्रिनिदादमध्ये झाला. ही त्रिनिदादची गोष्ट जरा लक्षात ठेवा, लागणार आहे.

1872 मध्ये वडील गेले, किताब आला, आणि किताबाबरोबर हाउस ऑफ लॉर्ड्समधली खुर्ची आपोआप आली. निवडणूक नाही, सभा नाही, कुणाच्या दारात जाऊन हात जोडणं नाही. हातात बॅट होती ती तशीच राहिली. केंटच्या संघाची घडी विस्कटली होती ती साहेबांनी बसवली, कप्तानपद वर्षानुवर्षं सांभाळलं, आणि 1878-79 च्या हिवाळ्यात ते संघ घेऊन ऑस्ट्रेलियाला गेले.

तिथे त्यांना पहिल्यांदा असे लोक भेटले, ज्यांना लॉर्ड म्हणजे काय याची फिकीर नव्हती. 8 फेब्रुवारी 1879, सिडनी. न्यू साउथ वेल्सचा लाडका फलंदाज बिली मर्डोक धावबाद दिला गेला. निकाल देणारा पंच साहेबांनी मेलबर्नहून आणलेला, आणि सिडनीवाल्यांना मेलबर्नवाल्यांबद्दल काय वाटतं हे मुंबईकर-पुणेकरांना समजावून सांगायला नको. त्यातून मैदानावर पैजा लागलेल्या. बघता बघता हजारो लोक कुंपण ओलांडून आत शिरले. साहेब आपल्या पंचाच्या रक्षणाला धावले, तर कुणी तरी त्यांच्याच अंगावर काठी ओढली. त्यांचा सहकारी हॉर्नबी मोठा दांडगट गडी. त्यानं त्या माणसाची गचांडी धरली आणि पॅव्हिलियनपर्यंत फरफटत नेलं, वाटेत स्वतःचा सदरा फाडून घेतला. समोरच्या कप्तानानं विनंती केली, पंच बदला, म्हणजे लोक शांत होतील. साहेब म्हणाले, नाही. पंच बदलला तर निकाल चुकीचा होता असं ठरेल. मैदान रिकामं केलं की पुन्हा माणसं आत. साहेब मात्र सामना हातचा जाऊ नये म्हणून मैदानातच उभे. त्या दिवशीचा दुसरा पंच होता एडमंड बार्टन नावाचा तरुण वकील. तो पुढे ऑस्ट्रेलियाचा पहिला पंतप्रधान झाला. दंगलीच्या मधोमध डोकं थंड ठेवण्याचं शिक्षण त्याला फुकटात मिळालं.

या प्रसंगात साहेब मला आवडतात. काठी खाऊन जागा न सोडणारा माणूस भित्रा नसतो. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडात आला. साहेबांचा राग धुमसत होता, तरी मनधरणी झाल्यावर त्यांनी ओव्हलवर त्यांच्याविरुद्ध कप्तानपद केलं. इंग्लंडच्या भूमीवरची ती पहिली कसोटी. डब्ल्यू. जी. ग्रेसनं 152 काढल्या आणि इंग्लंड जिंकलं. साहेब एकूण चार कसोट्या खेळले आणि चारही कप्तान म्हणून. दुसऱ्याच्या हाताखाली खेळण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही, आणि आली असती तर ती त्या दुसऱ्यावर आली असती.

मग नियमांची मोहीम सुरू झाली. लँकेशायरचे काही गोलंदाज चेंडू टाकत नाहीत, फेकतात, असं साहेबांचं मत पडलं. मत बरोबरच होतं. पण बरोबर मत असलेला माणूस तिथे थांबला तर तो हॅरिस कसला? 1885 मध्ये केंटनं लँकेशायरशी सामनेच बंद केले. ज्याच्यावरून हे सारं पेटलं तो क्रॉसलँड अखेर बाहेर गेला, तो फेकीमुळे नव्हे. तो लँकेशायरकडून खेळतो खरा, पण राहतो दुसऱ्या परगण्यात, असं निघालं! कोण कुठे जन्मला आणि कुठे राहतो, हा साहेबांच्या जिव्हाळ्याचा विषय होता. जन्मदाखला आणि रहिवासाचा पुरावा यांवर त्यांची भक्ती आपल्या तहसील कचेरीला लाजवेल अशी.

या भक्तीचा कळस 1922 मध्ये झाला. ग्लॉस्टरशायरला एक एकोणीस वर्षांचा पोरगा सापडला होता, वॉली हॅमंड. साहेब तेव्हा सत्तरी ओलांडलेले. त्यांनी शोधून काढलं, की या पोराचा जन्म डोव्हरचा, आणि डोव्हर पडतं केंटमध्ये. बाप सैन्यात, बदली होईल तिथे बिऱ्हाड, त्यात पोराचा काय दोष? पण नियम म्हणजे नियम. हॅमंडला बसवलं. 1922 चा उरलेला मोसम हा पोरगा परगण्याच्या स्पर्धेचे सामने कुंपणाबाहेरून बघत राहिला. केंटकडून तो कधी खेळलाही नाही. पुढे त्यानं कसोटीत 22 शतकं आणि 7249 धावा केल्या, म्हणजे नुकसान कुणाचं झालं याचा हिशेब मांडता येतो. आता त्रिनिदाद आठवा. डोव्हरला जन्मला म्हणून पोराला अडवणारा हा माणूस स्वतः अटलांटिकच्या पलीकडे जन्मला होता, आणि केंटकडूनच नव्हे तर इंग्लंडकडूनही खेळला होता. नियमात ते बसतच होतं म्हणा, बेलमाँटचा वाडा केंटमध्ये होता. वाडा असला की जन्मस्थळ आपोआप सरकतं.

असा माणूस आपल्याकडे कसा आला? अगदी साध्या रस्त्यानं. 1885 मध्ये हुजूर पक्षाचं सरकार आलं, लॉर्ड सॉल्सबरी पंतप्रधान झाले, आणि हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये सरकारतर्फे उत्तरं द्यायला घरंदाज, विश्वासू माणसं हवी होती. साहेब भारतमंत्र्यांच्या हाताखाली आले, वर्षभरानं युद्धखात्यात गेले, आणि 1890 च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या धक्क्यावर उतरले. वय एकोणचाळीस. खेळाडू म्हणून उतरती कळा, गव्हर्नर म्हणून चढती.

इलाखा कसला मिळाला होता बघा. मुंबईत फिरोजशहा मेहता आणि न्यायमूर्ती तेलंग. पुण्यात रानडे, टिळक, आगरकर. जोतिराव फुले त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये गेले. पंडिता रमाबाई शारदा सदन घेऊन त्याच सुमारास पुण्याला आल्या. संमतिवयाच्या बिलावरून घराघरात भांडणं. कुठल्याही राज्यकर्त्यानं रात्री दिवा जाळून वर्तमानपत्रं वाचावीत असा काळ. साहेब पावसाळ्यात गणेशखिंडीच्या बंगल्यात मुक्कामाला असत आणि तिथे क्रिकेट जोरात चाले. पारशी संघाला पुण्याला बोलावून गव्हर्नरांचा संघ त्यांच्याशी खेळे. त्या बंगल्यात हल्ली सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे.

आता म्हणाल, क्रिकेटवेडा गव्हर्नर, तेव्हा निदान क्रिकेटवाल्यांचं तरी भलं झालं असेल. त्याचीच गंमत सांगतो.

मुंबईच्या किल्ल्याबाहेरच्या मैदानावर एका बाजूला गोऱ्यांचा जिमखाना आणि उरलेल्या भागात पारशी, हिंदू, मुसलमान पोरांचे सामने, अशी व्यवस्था होती. व्यवस्था ठीक होती, पण जिमखान्यातल्या साहेबांना पोलो खेळायची हुक्की आली. तिथे जागा पुरेना म्हणून ते घोडे घेऊन पोरांच्या बाजूला येऊ लागले. घोड्याच्या टापा पडलेल्या मातीवर चेंडू कुठे वळेल हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. आठवड्यातून दोनदा पोलो, आणि बाकीचे दिवस पोरांनी खड्डे बुजवायचे. 1881 पासून अर्ज चालले होते. आमच्या चारशे-पाचशे मुलांच्या खेळापुढे दहा-वीस जणांच्या घोड्यांचा हक्क मोठा कसा, असा रोकडा सवाल होता. दोन गव्हर्नर झाले, फायली जाडजूड झाल्या. 1890 मध्ये नवे गव्हर्नर आले, तेही इंग्लंडचे माजी कप्तान! पारशी मंडळींनी हजारावर सह्यांचा अर्ज केला. खेळपट्टी म्हणजे काय हे या माणसाला समजावून सांगायची गरज नव्हती. लॉर्ड्सवर कुणी घोडा घातला असता तर साहेबांनी घोड्यासकट त्याला टेम्समध्ये ढकललं असतं.

अर्ज फेटाळला.

याच काळात केनेडी सी फेसवर, म्हणजे आजच्या मरीन ड्राइव्हच्या बाजूला, जमातवार जिमखाने उभे राहिले. पारशांना जागा मिळाली, मग मुसलमानांनी मागितली, मग हिंदूंनी. साहेबांची भूमिका ठरलेली: एका जमातीला एकच जिमखाना, तोही प्रतिष्ठित माणसांच्या देखरेखीखाली. त्यानंतर त्या जमातीतला कुणी मैदान मागायला आला, तर त्याला सांगायचं, तुमच्या लोकांचा क्लब आहे ना, त्यात जा. 1894 मध्ये हिंदू जिमखान्याचं उद्घाटन त्यांच्याच हस्ते झालं. मैदानाच्या तुकड्यांवर धर्माच्या पाट्या लावून टाकायच्या, की गोऱ्यांच्या पोलोला हात लावायला नको आणि अर्जांची कटकटही संपली. फाइल बंद करण्याची ही पद्धत त्यांच्याबरोबर विलायतेला परत गेली असती तर बरं झालं असतं. मुंबईत जमातवार संघांची स्पर्धा सुरू झाली, ती पुढे पंचरंगी झाली आणि 1946 मध्ये बंद पडेपर्यंत तिच्यावरून वाद होत राहिले.

1893 चा ऑगस्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. 11 तारखेला मुंबईत हिंदू-मुसलमानांची दंगल पेटली. लष्कर रस्त्यावर आलं, ऐंशीच्या आसपास माणसं मेली, गिरणगाव बंद. साहेब पुण्यात होते. रेल्वे होती, तार होती, घाट काही तेव्हा अडला नव्हता. साहेब मुंबईत आले नवव्या दिवशी, आणि तेही मुख्यतः एक क्रिकेटचा सामना बघायला! सिडनीत एका पंचासाठी काठी खाणारा हाच माणूस. फरक एवढाच, की तिथे दंगल मैदानावर झाली होती. मैदानाबाहेर काय होतं ते त्याच्या नियमांच्या पुस्तकात नव्हतं. त्याच वर्षी पुण्यात टिळकांनी गणपती रस्त्यावर आणला. राज्यकर्ता वेळेवर आला नाही तर लोक आपापली मिरवणूक काढतात.

1895 मध्ये साहेब परत निघाले, तेव्हा कुणी तरी त्यांच्या कारकिर्दीवरच्या वर्तमानपत्री उताऱ्यांचा संग्रहच छापून काढला. गेल्या शंभर वर्षांत मुंबईच्या कुठल्याही गव्हर्नरवर इतकी कडक टीका झालेली नाही आणि कुणी इतका अप्रिय झालेला नाही, असा त्याच्या प्रस्तावनेचा आशय. निरोपाचा हार म्हणून हे जरा जास्तच झालं. पण विलायतेत त्याचा काय परिणाम? सरकारनं मोठा किताब दिला, लॉर्ड्सच्या एमसीसी क्लबनं अध्यक्ष केलं, राणीच्या दरबारात जागा मिळाली. पुढे बोअर युद्धातही साहेब जाऊन आले आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीच्या एका बड्या कंपनीचे वर्षानुवर्षं चेअरमन होते. हा भाग मी भराभर उरकतो, कारण साहेबांनीही तो तसाच उरकला असावा. खरं काम लॉर्ड्सवर होतं.

1896 मध्ये भारतात जन्मलेला फलंदाज रणजी भरात होता. लॉर्ड्सच्या कसोटीसाठी संघ निवडणं एमसीसीच्या हातात. रणजीला घेतलं नाही, आणि त्यामागे हॅरिससाहेबांचं मत होतं असं क्रिकेटचे इतिहासकार मानतात. पुन्हा तेच, जन्म कुठला! मँचेस्टरची कसोटी दुसऱ्यांच्या हातात होती. तिथे रणजी खेळला, पहिल्या डावात 62 आणि दुसऱ्या डावात नाबाद 154. दाखला न बघता चेंडू सीमेपार गेले.

1911 मध्ये भारताचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर आला. पतियाळाचे महाराज कप्तान, आणि गोलंदाजीचा सगळा भार पुण्याच्या पी. बाळूवर. बाळू पाळवणकर जातीनं चांभार, पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखणारा पोरगा. साहेब गणेशखिंडीत होते त्याच सुमारास हा शहराच्या दुसऱ्या टोकाला गोऱ्या साहेबांना सरावाला चेंडू टाकत होता. दौऱ्यात त्यानं शंभरावर बळी घेतले. केंटविरुद्धच्या सामन्यात केंटकडून कोण उतरलं? साठ वर्षांचे लॉर्ड हॅरिस! पहिल्या दर्जाचा हा त्यांचा शेवटचा सामना. कारकीर्द संपली तेव्हा त्यांच्या नावावर धावा होत्या 9990. दहा हजाराला दहा कमी. दुसरा कुणी असता तर पुढच्या वर्षी दुबळ्या संघाविरुद्ध एकदा उतरून दहा धावा उचलल्या असत्या, आणि कप्तानाची काय छाती होती नाही म्हणायची! साहेबांनी ते केलं नाही. म्हणून हा माणूस मला ढोंगी म्हणता येत नाही. नियम तो स्वतःच्या फायद्यासाठी वाकवत नसे. फक्त नियम बनवणारे सगळे त्याच्यासारखेच असल्यामुळे वाकवायची वेळ फारशी येत नसे.

ऐंशीव्या वाढदिवशी त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून खेळाची थोरवी सांगितली, की यात क्षुद्र, अप्रामाणिक काही नाही, खेळ हाच नीतीचा धडा. लॉर्ड्सवर त्यांच्या नावाची बाग आहे, तिथे ते कोरलंय. 24 मार्च 1932 रोजी साहेब बेलमाँटला वारले. तीन महिन्यांनी, 25 जूनला, भारत पहिली कसोटी खेळायला लॉर्ड्सवरच उतरला. सी. के. नायडू कप्तान. पहिल्या सकाळी इंग्लंडचे 19 धावांत 3 गडी बाद. त्यातला एक केंटचा वुली, लालसिंगच्या फेकीवर धावबाद.

आता त्यांच्या एका मताचं काय झालं तेवढं सांगतो. आशियाई माणूस उतावळा, भडक डोक्याचा. क्रिकेटला लागणारा थंडपणा इंग्रजाकडेच, असं साहेबांचं पक्कं म्हणणं होतं. आणि मुंबईत त्यांच्या नावानं काय चालू झालं? शाळांची हॅरिस शील्ड. पोरांनी या शील्डमध्ये शिकायचं ते एकच, विकेट फेकायची नाही. मुंबईच्या फलंदाजाला देशभर खडूस म्हणतात, तो खडूसपणा इथे मुरतो. 1988 च्या फेब्रुवारीत उपांत्य फेरीत शारदाश्रमचे दोन विद्यार्थी खेळायला आले आणि जागचे हलेनात. त्यांचे प्रशिक्षक आचरेकर सर, त्यांचे सहायक सीमेवरून हातवारे करताहेत, डाव सोडा, डाव सोडा. आणि हे दोघे दुसरीकडेच बघताहेत. तेंडुलकर नाबाद 326, कांबळी नाबाद 349, भागीदारी 664. शेवटी आचरेकर सरांना फोन करावा लागला, तेव्हा डाव सुटला. आणि मैदान कुठलं? आझाद मैदान. पोलोच्या घोड्यांवरून ज्याच्यासाठी हजारजणांनी सह्या केल्या होत्या, त्याच मोकळ्या पट्ट्यातलं.

गव्हर्नर म्हणून लॉर्ड हॅरिस नापास, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दंगलीच्या शहरात नवव्या दिवशी पोचणाऱ्याला शील्डच्या पुण्याईवर वरच्या वर्गात ढकलता येत नाही. पारशांनी साहेब यायच्या कितीतरी आधी, 1848 मध्ये, क्लब काढला होता, स्वखर्चानं दोनदा विलायत करून आले होते, आणि साहेब मुंबईत उतरायच्या दोन-अडीच महिने आधी डॉ. पावरीच्या गोलंदाजीवर इंग्रजांचा पाहुणा संघ लोळवलाही होता. तेव्हा भारतीय क्रिकेटचे जनक वगैरे कुणी म्हणालं तर मान डोलावू नका.

शील्ड मात्र चालू आहे. कधी बघायला गेलात तर सांभाळून उभे राहा. आझाद मैदानावर एका सामन्याचा सीमारक्षक दुसऱ्या सामन्याच्या खेळपट्टीजवळ असतो, आणि चेंडू कुठल्या सामन्याचा आहे हे पाठीत बसल्यावरच कळतं.